जी. ई. रोडवरून रतनपूरला

भिलाईच्या पावर हाउस चौकात उभे राहून कोणालाही हा रस्ता कोणता म्हणून विचारावे. उत्तर एकच मिळते, जी. ई. रोड. ही दोन अक्षरे कशाची, हे सांगणारा मात्र शंभरांत एखादा भेटला तर भेटतो. ग्रेट ईस्टर्न रोड हे त्याचे मूळ नाव. नागपुराहून निघून दुर्ग, रायपूर करीत संबळपूरकडे जाणारा हा एकोणिसाव्या शतकातील हमरस्ता. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला, आज त्याचा क्रमांक ५३ आहे; परंतु दुकानांच्या पाट्यांवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी तो अजून जी. ई. रोडच आहे. पोलादाचा कारखाना येथे फार नंतर आला. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच्या आधी कितीतरी वर्षे हा रस्ता नागपूर आणि छत्तीसगड यांच्यामध्ये माणसे व माल वाहत होता.

याच रस्त्याने चार दिवसांचा प्रवास करावा, असा आमचा बेत गेल्या पावसाळ्यात ठरला. घरात एक जुनी मोटार आली होती. मुलाला समुद्र हवा होता, आईला रतनपूरची महामाया हवी होती, आणि आम्हाला हवा होता छत्तीसगडचा इतिहास. समुद्र येथून कोणत्याही दिशेला दूर. तेव्हा मुलाची समजूत 'पुढच्या वर्षी' या सनातन शब्दांनी घातली, आणि नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला.

पहिला प्रश्न ऋतूचा. हा प्रदेश हिरवा दिसतो तो भातामुळे. उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याला 'धान का कटोरा' हे याचे बिरूद थट्टा वाटेल. भेगाळलेल्या काळ्यापिवळ्या जमिनीशिवाय त्याच्या दृष्टीस काही पडत नाही. श्रावण-भाद्रपदात रान हिरवे असते खरे, पण ओढ्यानाल्यांच्या पुलांवरून पाणी जाते. नवरात्रात जावे तर रतनपुरास पायी येणाऱ्या भक्तांची रीघ लागते, देवीपुढे हजारो ज्योतिकलश पेटतात, आणि मोटार गावाबाहेर मैलभर ठेवावी लागते. आईला अर्थातच नेमके तेव्हाच जावयाचे होते. अखेर कोजागरी झाल्यावर आणि दिवाळीच्या आधी निघावयाचे, असे ठरले. त्या पंधरवड्यात भात ओंबीला येऊन हिरव्यावर पिवळी झाक चढू लागते, आकाश धुतलेले असते, आणि रस्ते पुन्हा रस्त्यांसारखे दिसू लागतात. दोन सुट्या आणि दोन रजा असा चार दिवसांचा मेळ बसला.

दुसरा प्रश्न क्रमाचा. आम्ही नकाशावर पहिला वर्तुळाकार शिक्का रतनपूरवर मारला होता. कारण उघड होते. रतनपूर ही छत्तीसगडातील भोसल्यांची राजधानी. बिंबाजी भोसल्यांनी तेथील टेकडीवर रामाचे देऊळ बांधले, त्या टेकडीला रामटेकरी म्हणतात, आणि त्या नावात नागपूरजवळच्या रामटेकची आठवण स्पष्ट ऐकू येते. दोन पिढ्या छत्तीसगडात राहून ज्यांच्या मुलांना मराठी बोलताना मध्येच हिंदी क्रियापद आठवते, अशा आमच्यासारख्यांना 'येथेही आपले काही आहे' हे दाखविणारी जागा हवीशी वाटते. मुलांना ती दाखवावी, एवढाच आमचा हेतू होता.

शेजारचे गृहस्थ नकाशावर वाकले. ते मूळचे पाटणकडचे. पाटण म्हणजे भिलाईच्या दक्षिणेचे, त्याच नावाच्या तहसिलीचे गाव. त्यांनी रतनपूरवरचा शिक्का पाहिला आणि अगदी सहज म्हणाले, "भैया, टेकडीवर तुमच्या राजाने देऊळ बांधले, ते मुलांना दाखवाच. पण आमच्या राजाचे काय केलेत, तेही सांगाल ना?"

त्यांनी हे हसत विचारले, आम्हीही हसलो. परंतु त्या रात्री नकाशा तसाच राहिला, आणि कपाटातली पुस्तके खाली आली.

प्रसंग आहे १७४१ चा. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, म्हणजे इतिहासातले भास्करपंत, बंगालच्या मोहिमेच्या वाटेवर छत्तीसगडात उतरले. त्यांचा तळ प्रथम पडला तो दुर्गला, आज गावाची जुनी वस्ती आहे त्या उंचवट्यावर. म्हणजे आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर. तेथून फौज रतनपूरवर गेली. रतनपुरात हैहयवंशी कलचुरींचे राज्य होते. अकराव्या शतकात पहिल्या रत्नदेवाने हे नगर वसविले तेव्हापासून हा वंश येथे नांदत होता. सुमारे सातशे वर्षे! हिंदुस्थानच्या इतिहासात एका घराण्याने एकाच मुलखात इतका दीर्घ काळ टिकून राहिल्याची उदाहरणे बोटांवर मोजता येतील. त्या वेळचा राजा रघुनाथसिंग वृद्ध होता, आणि वर्षभरापूर्वीच त्याचा मुलगा वारला होता. इंग्रजी अमदानीत लिहिलेल्या बिलासपूरच्या वृत्तान्तात असे आहे की, राजा लढलाच नाही. तोफांनी वाड्याचा एक भाग ढासळला, तेव्हा राण्यांपैकी एकीने तटावर चढून तहाचे निशाण दाखविले. भास्करपंतांनी एक लाख रुपये खंडणी बसविली, खजिना रिकामा केला, आणि फौज पूर्वेकडे निघून गेली.

पुत्रशोकाने खचलेला एक म्हातारा, निशाण दाखविणारी एक राणी, आणि चाळीस हजारांची म्हणून सांगितली जाणारी फौज. शाळेत आम्ही 'अटकेपार झेंडे' शिकलो, तेथे असा तट कधी दिसला नाही. पुढे बंगालात याच फौजेला 'बर्गी' हे नाव मिळाले. तिकडे आया अजून त्या नावाने मुलांना निजवितात, हे आमच्या गल्लीतल्या बंगाली कुटुंबानेच आम्हाला सांगितले होते. १७४४ साली मनकऱ्याच्या छावणीत अलीवर्दीखानाने तहाच्या बोलण्यासाठी बोलावून भास्करपंतांचा दग्याने वध केला. त्या दग्याचा आपल्याला संताप येतो, आणि तो यावाच. परंतु रतनपूरच्या राणीचे नावही आपल्या स्मरणात नाही, हेही तेवढेच खरे.

आता शेजाऱ्यांच्या 'आमच्या राजा'विषयी. कलचुरींची एक शाखा रायपुरास राज्य करीत होती. शिवनाथ नदीच्या उत्तरेस रतनपूरचे अठरा गड, दक्षिणेस रायपूरचे अठरा, मिळून छत्तीसगड, अशी या नावाची सर्वांत प्रचलित उपपत्ती आहे. एका गडाखाली चौऱ्याऐंशी गावे, आणि बारा-बारा गावांचा एक गट, त्याला 'बारहों' म्हणत. दुर्ग, पाटण, सिमगा, राजिम, सिरपूर हे सारे रायपूरकडचे गड. १७५० च्या सुमारास भोसल्यांनी रायपूरच्या अमरसिंगाचे राज्य काढून घेतले आणि सात हजार रुपये टाकोळीवर त्याला रायपूर, राजिम व पाटण एवढा मुलूख तोडून दिला. अमरसिंगाच्या मृत्यूनंतर तोही गेला. त्याचा मुलगा शिवराजसिंग याच्या वाट्याला आले ते बडगाव हे एक गाव आणि मुलखातील दर गावामागे एक रुपया. पाटणच्या माणसाने तो प्रश्न सहज विचारला असे आम्हाला वाटले होते. ते तितके सहज नव्हते.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बिंबाजी हे थोरल्या रघूजींचे पुत्र. १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते रतनपुरास राहिले. नागपूरच्या नावाने परंतु बहुतांशी स्वतंत्रपणे त्यांनी कारभार केला, स्वतःचा दरबार ठेवला, आणि ते येथलेच झाले. रायपूरच्या दूधाधारी मठाच्या उभारणीशीही त्यांचे नाव निगडित आहे. मोडी लिपी आणि मराठी भाषा त्यांच्या दप्तरातून या मुलखात आली. दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची चाल त्यांनी येथे रूढ केली, असे इकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत सांगतात. आमच्या गल्लीत दसऱ्याला 'सोनपत्ता' घेऊन येणाऱ्या छत्तीसगडी मुलांना ठाऊकही नसेल की, ते पान कोणत्या वाटेने त्यांच्या हातात आले. जिंकणाऱ्यांच्या हातून असेही काही मागे राहते; आणि ते राहते म्हणून तटावरची राणी पुसली जात नाही.

बिंबाजींच्या मागे मात्र कारभाराचा रंग पालटला. नागपूरकर व्यंकोजी भोसले स्वतः येथे राहिनात. मुलूख सुभेदारांच्या हवाली झाला, आणि सुभेदारी ही मक्त्याने घेण्याची वस्तू बनली. विठ्ठल दिनकर या सुभेदाराने जुने गड आणि बारहों मोडून सत्तावीस परगणे पाडले. कमाविसदार, फडणवीस, बऱ्हाडपांडे ही आपल्या ओळखीची माणसे त्या परगण्यांवर बसली. आम्ही स्वतः फायलींचे धनी असल्यामुळे या फेरफाराकडे अंमळ कौतुकाने पाहिले, हे कबूल करतो. छत्तिसांचे सत्तावीस करण्यात जमाखर्चाची सोय असते. परंतु गडाचा ठाकूर आणि बारहोंचा दाऊ हे गावच्या लोकांच्या नात्यागोत्यातले असत. कमाविसदार बाहेरून येई, आणि त्याची नजर नागपुरास किती रक्कम पोचवावयाची याकडे असे. याच सुमारास, १७९५ साली, कॅप्टन ब्लंट हा कंपनीचा अधिकारी चुनारगडाहून एल्लोर सरकारकडे जाण्याची वाट शोधीत रतनपूर, रायपूर करीत गेला. त्याचे प्रवासवृत्त 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये छापलेले आहे. त्यानेही आमच्यासारखाच प्रवासाचा बेत आखला होता. फरक एवढाच की, तो वाटा मोजीत होता त्या पुढे फौजा नेण्यासाठी.

या काळाविषयी आपण जे वाचतो, त्यातले बरेचसे इंग्रज सेटलमेंट अधिकाऱ्यांनी लिहिलेले आहे. आदल्या राज्याला काळे फासल्याशिवाय आपले राज्य उजळ दिसत नाही, ही त्यांची अडचण लक्षात ठेवूनच ते वाचावे. १८१८ नंतर अज्ञान रघूजींच्या नावाने कारभार हाती येताच त्यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले. १८३० साली मुलूख भोसल्यांना परत दिला आणि १८५४ मध्ये खालसा केला. त्याला चार वर्षे झाली नाहीत तोच १० डिसेंबर १८५७ रोजी सोनाखानचे जमीनदार नारायणसिंग यांना त्यांनी रायपुरात फासावर चढविले. दुष्काळात भुकेल्यांसाठी सावकाराचे धान्याचे कोठार उघडले, येथून त्यांचे वैर सुरू झाले होते. तेव्हा भोसल्यांच्या सुभेदारांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो पाटणच्या माणसाला आहे, सेटलमेंट अधिकाऱ्याला नाही.

एवढे वाचल्यावर रतनपूरवरचा शिक्का पुसावा काय, असा विचार मनात आला. पुसला नाही. पण छत्तीसगडात आलेल्या मराठी माणसांची दुसरीही एक वाट आहे, हे तोवर ध्यानात आले होते, आणि ती वाट नकाशावर उमटविणे भाग होते.

महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी हे कोकणातले, नागपुरात प्राध्यापकी केलेले. कलचुरींचे इकडचे तिकडचे सारे शिलालेख आणि ताम्रपट वाचून, अर्थ लावून त्यांनी एकत्र प्रसिद्ध केले. 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम'चा तो चौथा खंड, दोन भागांचा, १९५५ साली निघाला. ज्या घराण्याचे राज्य मराठी फौजेने संपविले, त्याची वंशावळ दोनशे वर्षांनी एका मराठी पंडिताने सांधून दिली. त्याच दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित सिरपुरात उत्खनन करीत होते. आनंदप्रभ भिक्षूने बांधविलेला बौद्ध विहार त्यांनी मातीतून वर काढला. ही माणसे येथे खंडणी घेण्यास आली नव्हती.

आता आमचा मार्ग असा ठरला. पहिल्या दिवशी दुर्गवरून धमध्याकडे. धमधा हे गोंड राजांचे जुने ठिकाण. तेथे 'छै आगर छै कोरी' तळी होती असे लोक सांगतात. कोरी म्हणजे आपली कोडी, वीस. सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस. हा हिशेब मुलांना मोटारीत करावयास द्यावा, तेवढाच वेळ शांतता. मग बेमेतरा, कवर्धा, आणि सातपुड्याच्या मैकल रांगेच्या पायथ्याशी भोरमदेव. या देवळाला 'छत्तीसगडचे खजुराहो' म्हणण्याची रीत आहे. आपल्या घरच्या वस्तूला दुसऱ्याचे नाव दिल्याने तिची किंमत वाढते अशी समजूत यामागे असावी. तेथील एका योग्याच्या मूर्तीवर कलचुरी संवत ८४०, म्हणजे इसवी सन १०८८ च्या सुमाराचा लेख असून त्यात गोपालदेवाचे नाव आहे. हा फणिनागवंशी राजा. जवळच मडवा महाल. त्याचा लेख १३४९ चा. रामचंद्र नावाच्या नागवंशी राजाने हैहय कुळातील अंबिकादेवीशी विवाह केल्याची नोंद त्यात आहे.

दुसरा दिवस पंडरिया, मुंगेली, तखतपूर करीत रतनपूरचा. तिसऱ्या दिवशी मल्हार आणि शिवरीनारायण, व महानदी ओलांडून कसडोलवरून सिरपूर. मध्ये बारनवापाऱ्याचे अरण्य आहे. त्यातून रात्री मोटार हाकण्याची आमची छाती नाही, म्हणून मल्हारला रेंगाळावयाचे नाही असे एकमताने ठरले. हे मल्हारवर अन्यायाचे आहे, पण चार दिवसांत छत्तीस गड बसत नाहीत.

सिरपुरास मात्र मुक्काम. हे श्रीपूर, प्राचीन दक्षिण कोसलाची राजधानी. सातव्या शतकात ह्युएनत्संग कोसलात आला, तो येथेच आला असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. येथील लक्ष्मण मंदिर विटांचे आहे. फक्त गाभाऱ्याची चौकट दगडी, तिच्या माथ्यावर शेषशायी विष्णू. ते बांधविले वासटा नावाच्या राणीने. ती मगधाच्या सूर्यवर्म्याची मुलगी, येथे सून म्हणून आली, विधवा झाली. पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ, पुत्र महाशिवगुप्ताच्या राज्यात तिने हरीचे हे देऊळ उभारले. तीही बाहेरचीच, पण तेराशे वर्षांत तिला कोणी 'तुमची राणी' म्हटल्याचे ऐकिवात नाही. तिचा शिलालेख रायबहादूर हिरालाल यांनी वाचून प्रसिद्ध केला. देवळास दिलेल्या गावांच्या उत्पन्नाचा वाटा ज्या ब्राह्मणांना मिळावयाचा, त्यांच्या वंशजांसाठी तिने अटी घातल्या आहेत. त्यांनी षडंगांसह वेद जाणावेत, जुगार व कुसंगत यांपासून दूर राहावे, आणि कोणाचे नोकर असू नये. अट मोडणाऱ्याच्या जागी दुसरा नेमावा, तोही इतरांच्या संमतीने. राजाच्या आज्ञेने नव्हे. शेवटच्या वाक्याने आम्ही थक्क झालो. नोकर नसण्याची अट वाचून आमच्या पत्नीने आमच्याकडे जे पाहिले, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

चौथा दिवस परतीचा. सिरपूरचा फाटा ज्या महामार्गाला मिळतो, तो महामार्ग ५३. म्हणजे आमच्याच दारातला रस्ता. आरंग, रायपूर, आणि घराच्या अलीकडे देवबळोद्याचे शिवमंदिर. शिखर नसलेले, शेजारी कुंड असलेले हे कलचुरीकालीन देऊळ पावर हाउसपासून इतके जवळ आहे की, आम्ही ते आजवर पाहिलेले नाही. आरंगहून वाकडी वाट करून राजिमही गाठावयाचे होते. तेथे राजीवलोचनाच्या मंडपात कलचुरी संवत ८९६ चा, म्हणजे ११४५ सालचा, जगपालदेवाचा लेख आहे. हा कलचुरींचा सेनापती. आपण जिंकलेल्या मुलखांची यादी त्याने त्यात दिली आहे, आणि अखेरीस रामाचे देऊळ बांधल्याचे सांगितले आहे. म्हणजे बिंबाजींच्या आधी सहाशे वर्षे हा क्रम येथे गिरविला गेला होता.

ही सगळी आखणी आम्ही शेजाऱ्यांना दाखविली, आणि अमरसिंगाचे, शिवराजसिंगाचे जे वाचले होते तेही सांगितले. दर गावामागे एक रुपया, हे ऐकून ते काही क्षण गप्प राहिले. "एवढे तर आम्हालाही ठाऊक नव्हते," म्हणाले. मग त्यांनी पेन्सिल मागितली. राजिमहून अभनपूर आणि अभनपूरहून पाटण, अशी एक रेघ ओढून त्यांनी ती भिलाईला आणून सोडली.

"पाटणला मोठे देऊळबिऊळ काही नाही," ते म्हणाले, "पण आमचे घर आहे. जेवूनच पुढे जा."

रायपूर गळले, देवबळोदा एखाद्या रविवारवर गेला. महामायेला वाहण्यासाठी त्यांचा एक नारळ आमच्याकडे येऊन पडला आहे; आईने तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला आहे. रतनपुरास आधी तो वाहावयाचा आणि मग टेकडी चढावयाची, असा तिचा हुकूम आहे.